फक्त उज्जैन

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारला. नोकरीच्या बाजारात नव्हे, फक्त गल्लीत. समोरच्या काकू रोज संध्याकाळी बीपी मोजून घ्यायला यायच्या, मागच्या घरातले आजोबा इन्सुलिन माझ्याच हातून टोचून घ्यायचे, आणि निघताना जो तो एकच वाक्य सोडून जायचा, "नर्सला काय कमी आहे गं? हॉस्पिटलवाले घरी येऊन घेऊन जातील."

हॉस्पिटलवाले काही आले नाहीत. मग मीच फाइल काखोटीला मारून निघाले. बरोबर माझी मैत्रीण असायची. ती माळव्यातल्याच आगरकडच्या एका गावातली, चार वर्षं माझ्याच बाकावर बसलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहणारी. माझी आई तिला जेवायला बोलवायची आणि ती दर वेळी "नाही, नाही आंटी" म्हणत तीन पोळ्या खायची. टावर चौकापासून सुरुवात करून आम्ही दोघींनी फ्रीगंजातली झाडून सगळी नर्सिंग होम पालथी घातली. प्रश्न सगळीकडे एकच होता.

"एक्सपीरियन्स?"

"फ्रेशर हैं, सर."

"तो पहले कहीं काम कर लो, फिर आना."

सहाव्या की सातव्या ठिकाणी माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "सर, सब लोग यही बोलते हैं. वो 'कहीं' कहाँ है, उसका पता दे दो, हम वहीं चले जाते हैं." मैत्रिणीने टेबलाखालून मला असा चिमटा काढला की दोन दिवस मांडीवर निळं होतं. पत्ता अर्थात मिळाला नाही.

त्यात नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन भोपाळहून यायचं होतं. तो नंबर हातात येईपर्यंत पेशंटला हात लावायची कायद्याने सोय नव्हती. नंबर आला तेव्हा आमच्यामागची बॅचही फाइली घेऊन फिरू लागली होती. शेवटी एका छोट्या नर्सिंग होमने मला घेतलं. कागदावर 'स्टाफ नर्स' लिहिलं होतं. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेले, तर मॅनेजरने माझं आडनाव वाचून विचारलं, "मराठी आती है?" मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं. चूक झाली. महाकालाच्या दर्शनाला महाराष्ट्रातून माणसं लोटत असतात. त्यांतलं कोणी उन्हाने चक्कर येऊन पडतं, कोणी राम घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरतं, आणि परक्या गावात दुखायला लागलं की माणसाला आपलीच भाषा सुचते. त्यांच्याशी बोलायला काउंटरवर कोणीतरी हवं होतं. ते 'कोणीतरी' मी झाले. चार वर्षं नाडी, श्वास, रक्तस्राव शिकले आणि नोकरी मिळाली ती मातृभाषेवर.

त्या काउंटरवर बसून मी दिवसभर ज्याचा विचार करायचे, तो होता सरकारी हॉस्पिटलातला नवजात बाळांचा वॉर्ड.

शेवटच्या वर्षी तिथे माझी दोन महिने पोस्टिंग होती. चपला बाहेर, घड्याळ बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, मग आत. आत उबेच्या दिव्यांखाली ओळीने निजलेली बाळं. काही साखरेच्या पिशवीहून हलकी. त्यांना नावं नसायची, पायाला आईच्या नावाची पट्टी असायची, आणि आम्हीही त्यांना आईच्याच नावाने हाक मारायचो. मी स्वभावाने उतावळी. घरात दूध उतू जातं ते माझ्यामुळे. पण त्या वॉर्डात मी कशी कोण जाणे, शांत व्हायचे. चमच्याने थेंब थेंब दूध पाजायला अर्धा तास लागायचा, आणि तो अर्धा तास मला कमी वाटायचा. ड्यूटी संपल्यावरही मी रेंगाळायचे, कारण दुपारी वजनं व्हायची. कालच्यापेक्षा वीस ग्रॅम वाढलेलं दिसलं की मी बाहेर धावत जाऊन त्याच्या आईला सांगायचे. आयांना ग्रॅम कळायचे नाहीत, पण माझा चेहरा कळायचा.

तिथली इंचार्ज सिस्टर माळव्यातलीच, करड्या आवाजाची, कोणाचं कौतुक करणं म्हणजे पाप समजणारी. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी माझ्या वहीवर सही करताना मान वर न करता म्हणाली, "तेरा हाथ अच्छा है. सरकारी निकले तो यहीं आना." बस, एवढंच. मी घरी जाऊन आईला ते वाक्य तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा आईने मला भाजी निवडायला बसवलं.

पुढचं दीड वर्ष मी त्या 'यहीं आना'वर काढलं. नर्सिंग होममधून सुटल्यावर माझा घरचा रस्ता सरळ होता, तरी मी स्कूटी हॉस्पिटलच्या बाजूने घ्यायचे. तो रस्ता सिंहस्थाच्या कामांसाठी खणून ठेवलेला, धुळीने नाकातोंडाचं वाटोळं व्हायचं. तरीही फाटकासमोरच्या चहावाल्याकडे थांबून ड्यूटी बदलायची वेळ बघत उभी राहायचे. सुटलेल्या सिस्टर्स केसांच्या पिना काढत, पाय ओढत, डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत बाहेर यायच्या. त्या थकव्याचा मला हेवा वाटायचा. मी दिवसभर खुर्चीवर बसून दमायचे, आणि ते दमणं माझं नव्हतं. पगार, पेन्शन, सरकारी नोकरीची इज्जत, ही सगळी काळजी करायला बाबा होते. मला तो वॉर्ड हवा होता. इतका हवा होता की कधीकधी रस्त्यात कोणाचं तान्हं रडलं तरी मी स्कूटी थांबवून बघायचे.

आणि एक दिवस सरकारी नर्सच्या जागा निघाल्या.

त्या दिवशी आमच्या घरात सण होता. बाबा बँकेतून रिटायर झालेले. महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. कुठल्याही फॉर्मवर त्यांचं फार प्रेम. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. त्यात एक रकाना जिल्ह्यांचा होता. आपल्याला कुठे नेमणूक चालेल ते पसंतीच्या क्रमाने भरायचं. जितके भराल तितके चान्स. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रीतसर यादी करून दिली. पहिलं उज्जैन, मग देवास, इंदूर, शाजापूर, रतलाम, असं करत करत पार छत्तीसगडच्या सीमेपर्यंत. प्रत्येक नावापुढे कंसात बसला किती तास लागतात तेही लिहिलं होतं.

ती यादी पर्समध्ये घालून मी मैत्रिणीबरोबर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याच्या दुकानात गेले. आधी तिचा फॉर्म झाला. तिने सगळे जिल्हे भरले, एकही सोडला नाही. काहींची तर तिने नावंही धड वाचली नाहीत. मी हसले तर म्हणाली, "यार, मेरेको नौकरी चाहिए, नक्शा थोड़ी देखना है."

मग माझा नंबर. दुकानदाराने विचारलं, "पहला?"

"उज्जैन."

"दूसरा?"

खरंच सांगते, मी घरून ठरवून गेले नव्हते. यादी पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. पण दुसरं नाव तोंडातून निघेना. मला वाटलं, देवास म्हटलं की मला देवासलाच टाकतील. तीन वर्षं, पाच वर्षं, कोण परत आणणार? देवाकडे एक गोष्ट मागताना 'आणि नाही जमलं तर ही दुसरी' असं म्हटलं, की देवाला वाटणार, हिचं काही फारसं अडलेलं नाही. काहीतरी तसंच माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. शिवाय अभ्यासाचा माज होता. वर्गात मी पहिल्या तिघींत असायचे.

"बस. एक ही."

"मैडम, बाकी खाली छोड़ दूँ?"

"खाली छोड़ दो."

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. "पागल है क्या? अंकल को क्या बोलेगी?"

"तू कुछ मत बोलना. मेरी कसम."

घरी बाबांनी दारातच विचारलं, "सगळे भरले न?" मी चपला काढता काढता हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी खोटं बोलेन असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

परीक्षा चांगली गेली. खरोखरच चांगली गेली. निकाल लागला तेव्हा माझे मार्क मैत्रिणीपेक्षा बरेच जास्त होते. आईने शेजारी सांगूनही टाकलं. मग काही आठवड्यांनी निवड झालेल्यांची यादी आली, आणि तिच्यात मैत्रीण होती. मी नव्हते. उज्जैनच्या जागा थोड्या आणि माझ्या पुढे असलेल्यांनीही उज्जैनच मागितलेलं. त्यांच्यातच त्या संपल्या. मैत्रिणीला गुजरातच्या सीमेजवळचा एक जिल्हा मिळाला, तिच्या यादीत तो कितवा होता ते तिलाही आठवत नव्हतं.

बाबांना हे काही केल्या पटेना. कमी मार्कवाली आत आणि जास्त मार्कवाली बाहेर, हे बँकेच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं. "गडबड आहे. सरळ सरळ धांधली आहे," असं म्हणत ते दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन त्यांनी टेबलावर कागद मांडला आणि शुद्ध हिंदीत तक्रारअर्ज लिहायला घेतला. 'सेवा में, श्रीमान' पासून सगळं व्यवस्थित, समास सोडून, मोत्यासारख्या अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी मला आणि आईला समोर बसवून तो वाचून दाखवला. 'प्रार्थिनी से कम अंक प्राप्त करने वाली अभ्यर्थी का चयन किस आधार पर हुआ, इसकी जाँच की जाए.' आणि खाली पुरावा म्हणून माझ्या मैत्रिणीचा रोल नंबर. आमच्याच घरी तीन पोळ्या खाणाऱ्या मुलीचा. तो नंबर तिने स्वतःच बाबांना दिला होता, तिचा निकाल बघून द्या म्हणून.

"बाबा, हा पाठवू नका."

"का? घाबरायचं काय त्यात? तिच्याशी माझं काही वैर नाही. पण जाँच झाली पाहिजे. उद्या मी स्वतः भोपाळला जाऊन देऊन येतो."

"जाँच कशाची करतील? मी फक्त उज्जैन भरलं होतं."

"फक्त मतलब?"

"मतलब फक्त. बाकी सगळं खाली सोडलं."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबांनी पेनाला टोपण लावलं. ते लावायला त्यांना जरा वेळ लागला.

"आणि मी लिस्ट करून दिली होती ती?"

"पर्समध्ये आहे."

"अजून?"

"अजून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही उलट ओरडले असते, आमच्याकडे तशी पद्धत आहे. पण त्यांनी तो अर्ज बाजूला सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढं काय आहे त्या वॉर्डात?" मी सांगायला लागले. दिव्यांचं, वजनांचं, एवढ्याएवढ्या पावलांचं. दोन वाक्यं झाली आणि मला रडू फुटलं. सव्वीस वर्षांची घोडी मी, नाक ओढत हुंदके देत होते.

आई आतून म्हणाली, "बापावर गेली आहे, दुसरं काय. ह्यांनीही प्रमोशन सोडलं होतं न, उज्जैन सुटेल म्हणून."

"मी प्रमोशन सोडलं होतं," बाबा म्हणाले. "हातातली नोकरी नव्हती सोडली."

अर्ज त्यांनी फाडला नाही. बँकेतला माणूस कागद फाडत नाही. चार घड्या घालून कपाटात ठेवून दिला. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, फक्त मी काही सांगितलं की ते एकदा आईकडे बघायचे. खरं आहे का, असं विचारल्यासारखं.

मैत्रीण निघाली त्या दिवशी मी तिला सोडायला बस स्टँडवर गेले. तिच्या सामानात एक सूटकेस, एक गादीची वळकटी आणि आईने दिलेला डबा होता. बस सुटेपर्यंत आम्ही दोघी भलत्याच गोष्टी बोलत राहिलो. 'मैं बोली थी ना' एवढं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. परतताना राहवलं नाही म्हणून मी हॉस्पिटलात शिरले, थेट त्या वॉर्डाच्या दारापर्यंत. इंचार्ज सिस्टरच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकावं असं मनात होतं. दारात कोणी दुसरीच सिस्टर आली. आधीच्या बाईंची बदली होऊन सहा महिने झाले होते. तिने मला खालीवर बघून विचारलं, "किस बच्चे के साथ हो?" मी म्हटलं, "ऐसे ही," आणि पायऱ्या उतरून खाली आले.

मग पुन्हा काउंटर. महिना दीड महिना गेला असेल. एके दुपारी समोर जळगावकडचे एक काका बसले होते. घाटावर पाय मुरगळलेला, पट्टी बांधून झालेली, मी त्यांच्या डिस्चार्जचा कागद भरत होते. फोन वाजला. मैत्रीण.

"यार सुन, जल्दी. मेरेको छोटे बच्चों के वॉर्ड में डाल दिया है."

हिला? पोस्टिंगमध्ये ती बाळ हातात घेताना डोळे मिटून घ्यायची. तिला ओपीडी हवी होती, दहा ते पाच.

"सिस्टर लेबर रूम में गई है. डॉक्टर को फोन कर दिया, आ रहे हैं. एक बेबी दूध ही नहीं ले रही. एकदम ढीली है."

"दूध छोड़ पहले. पैर छू. ठंडे हैं?"

"हाँ."

"और पेट?"

"पेट भी."

"शुगर देख तुरंत. माँ कहाँ है?"

"बाहर बैठी है."

"अंदर बुला. बच्ची के कपड़े निकाल, टोपी और लंगोट रहने दे. माँ की छाती पर सीधा लिटा, बीच में कपड़ा नहीं. मुँह एक तरफ, नाक खुली. ऊपर से कंबल. साँस पे नज़र रख."

तिने फोन स्पीकरवर टाकून कुठेतरी ठेवला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. मशीनचं टूं टूं, नळ, पावलं, मग एका बाईचा घाबरा आवाज, मला न कळणाऱ्या बोलीत. मैत्रीण तिला हिंदीत समजावत होती आणि ती बाई तिच्या भाषेत हो हो म्हणत होती. मागे आणखी दोनतीन बाळं रडत होती, त्या बारीक आवाजात, जो त्या वॉर्डाबाहेर कुठे ऐकू येत नाही.

प्रत्येक जिल्ह्यात असा एक वॉर्ड असतो. हे मला माहीत नव्हतं थोडंच? पुस्तकात होतं. मी परीक्षेत पाच मार्कांना लिहून आले होते. बाबांच्या यादीतल्या एकूण एक गावात तो होता, उबेच्या दिव्यांसकट, बाहेर बसलेल्या आयांसकट. दीड वर्ष मी एका दाराकडे टक लावून उभी होते आणि इतकी जीव तोडून उभी होते, की तीच बाळं बाकीच्या सगळ्या दारांच्या आत आहेत हे माझ्या मनाला शिवलंही नाही.

"डॉक्टर आ गए," मैत्रीण म्हणाली. "हिल रही है यार, थोड़ी थोड़ी. रखती हूँ." आणि फोन कटला.

मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नव्हतं. माझे दोन्ही हात छातीशी होते, एक वर, एक खाली, मधे काही नसताना. काका पट्टी बांधलेला पाय विसरून माझ्याकडे बघत होते.

"ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. नर्स आहे."

"अच्छा," ते म्हणाले, आणि अगदी साधेपणाने, काही टोचायचं नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग इथे काउंटरवर काय करताय?"

मी खाली बसले, डिस्चार्जचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.